समोरच्या काकूंचा भविष्यकाळ

आमच्या इमारतीत भविष्याबद्दल बोलायचा अधिकार दोनच माणसांना आहे. पहिले सेक्रेटरी, कारण पाण्याची टाकी कधी धुणार हे ते सांगतात. दुसरी मी. सेक्रेटरींचं भविष्य आजवर एकदाही खरं ठरलेलं नाही. माझं चुकत नाही, कारण मी फक्त व्याकरण सांगते.

हा अधिकार मला अलीकडेच मिळाला. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात तोंड उघडत नसे. हजेरीलासुद्धा मी नुसता हात वर करायचे आणि शेजारची मुलगी माझ्या वतीने 'हजर' म्हणायची. मग एक दिवस इंग्रजीच्या बाईंचा घसा बसला. त्यांनी खडू हातात घेऊन वर्गावर नजर फिरवली. सगळ्यांनी लगबगीने माना खाली घातल्या, माझी तेवढी घालायची राहून गेली. बाईंनी खडू माझ्या हातात दिला आणि फळ्याकडे बोट केलं. धडा होता, इंग्रजीत भविष्याबद्दल कसं बोलावं.

मी फळ्यापाशी गेले, आणि आत कुठलं बूच निघालं कोण जाणे, बोलतच सुटले. म्हटलं, हे बघा, दूध उतू जायला लागलं आणि त्या क्षणी मनात आलं, तर 'आय विल स्विच ऑफ द गॅस'. तिथे विचार करायला वेळ नसतो, म्हणून 'विल'. पण गॅसची शेगडी उद्या घासायचीच असं आधीच मनाशी घेतलेलं असेल, तर 'आय ॲम गोइंग टू क्लीन इट'. घासली जाईल की नाही हा प्रश्न वेगळा, व्याकरणाला त्याच्याशी कर्तव्य नाही. आणि शेगडी दुरुस्त करणाऱ्याला बोलावलंय, त्याने येतो म्हटलंय, तर 'ही इज कमिंग टुमॉरो'. पक्कं ठरलेलं असलं की ते आत्ताच चालू असल्यासारखं बोलायचं. वर्गातल्या सगळ्यांना पहिल्यांदाच काहीतरी कळलं, असं त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. घंटा झाली तरी मी थांबेना. पुढच्या तासाचे गणिताचे सर दारात उभे राहून शेगडीपर्यंतचं सगळं ऐकून गेले म्हणतात.

त्या दिवसापासून मी जी बोलायला लागले ती अजून थांबलेले नाही. अडचण एवढीच की बोलणाऱ्याला ऐकणारं माणूस लागतं. माझी शाळा सकाळची. आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत, ती येते दिवेलागणीला. बाबांची बदली परगावी झालेली, ते येतात तेव्हा झोप काढायला येतात. दुपारी घरात मी आणि फ्रिज. फ्रिज अधूनमधून आपण होऊन बोलतो, पण त्याचं सगळं एकाच काळात असतं.

याचा अर्थ मी एकटी असायचे असा कोणी काढू नये. मी स्वतंत्र असायचे. एकट्या असायच्या त्या समोरच्या काकू. त्यांचे यजमान वारलेले, मुलगा परदेशात, घरात माणूस नाही. म्हणून मी शाळेतून आले की दप्तर टाकून सरळ त्यांच्याकडे जेवायला जात असे, केवळ त्यांना सोबत व्हावी म्हणून. आईनेच मला तसं सांगितलं होतं. 'काकूंना जेवण एकटीला जात नाही गं, तू बसत जा जरा,' असं. मी मोठ्या मनाची असल्यामुळे बसत होते, आणि दुसऱ्यांदा भात वाढला तरी त्यांच्या समाधानासाठी घेत होते.

काकू बसस्थानकावर गाड्या पुकारायच्या. सगळी नोकरी एका काचेच्या खोलीत, माइकसमोर. त्या निवृत्त झाल्या, आवाज झाला नाही. त्यांनी नुसतं 'चहा झालाय' म्हटलं तरी ऐकणाऱ्याचा हात आपोआप पिशवीकडे जातो. शिवाय सवयीने त्या महत्त्वाची प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात, मध्ये एका श्वासाची जागा सोडून.

तर एक दिवस ताट वाढता वाढता काकूंनी जाहीर केलं, "व्हिसाची मुलाखत आली आहे. व्हिसाची मुलाखत आली आहे."

"कोणाला?" मी म्हटलं.

"मला गं. सुनेचे दिवस भरत आलेत. मुलगा म्हणतो, ये. आणि आलीस की राहा म्हणतो."

"किती दिवस?"

"ते त्याने मोकळं ठेवलंय," काकू म्हणाल्या आणि माझ्या ताटात भाजी वाढली. "मुलाखतीला दुभाषी देतात म्हणे. पण मुलगा म्हणतो, दोन वाक्यं स्वतः इंग्रजीत बोललीस तर छाप पडते. तुझं ते भविष्याचं चांगलं आहे ना? तेवढंच शिकव मला. ते लोक मागचं काही विचारत नाहीत. काय करणार, कुठे राहणार, परत कधी येणार, एवढंच."

माझा घास हातात राहिला. एकाच वेळी दोन गोष्टी डोक्यात आल्या. पहिली ही की आयुष्यातली पहिली विद्यार्थिनी आपण होऊन चालत आली आहे. दुसरी ही की विद्यार्थिनी पास झाली तर समोरच्या दाराला कुलूप लागणार. दुसरी गोष्ट मी पाण्याच्या घोटाबरोबर गिळली.

आता कोणी म्हणेल, मग शिकवायचं जरा हात राखून. हे मला सुचलं नाही असं नाही. पण माझ्या हाताखालची पहिली विद्यार्थिनी व्हिसाच्या खिडकीत नापास झाली असती, तर इमारतीत मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. माणसाला सोबत लागते हे खरं, पण प्रतिष्ठाही लागते. मी दोन्हीचा विचार केला आणि प्रतिष्ठेच्या बाजूने गेले. तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

शिकवणी सुरू झाली आणि पहिल्याच वाक्याला गाडी अडली.

"व्हॉट आर यू गोइंग टू डू देअर?" मी विचारलं.

"लेडी इज गोइंग टू मीट सन," काकू म्हणाल्या.

"कोण लेडी?"

"मीच."

"मग 'आय' म्हणा ना काकू. आय ॲम गोइंग टू."

"जीभच वळत नाही," काकू म्हणाल्या. "माइकवर 'मी' म्हणायची सोयच नसते गं. गाडी येते, प्रवासी जातात, प्रशासन दिलगीर असतं. मी कुठे आहे त्यात?"

मी त्यांना घरातल्या आरशासमोर उभं केलं. छातीवर हात ठेवायला लावला. 'आय' म्हटलं की हात छातीवर, असं चार दुपारी चाललं. त्याचा परिणाम असा झाला की हात बरोबर छातीवर जायचा आणि तोंडातून 'लेडी'च निघायची. मी म्हटलं, जाऊ दे, हे मागाहून बघू. शिक्षकाला काही गोष्टी मागाहून बघाव्याच लागतात. आमच्या बाई कित्येक गोष्टी मागाहून बघणार आहेत.

दुसरी अडचण याहून वाईट निघाली. परत कधी येणार, या प्रश्नाला काकू उत्तरच देईनात. मी तिन्ही तऱ्हा शिकवल्या, फळा म्हणून कपाटाच्या दारावर लिहूनही दाखवल्या. काकू सगळं वाचायच्या आणि खडू परत माझ्या हातात द्यायच्या.

"काहीतरी तारीख सांगा ना," मी म्हटलं. "सरावापुरती."

"कंट्रोलरकडून आल्याशिवाय वेळ पुकारायची नाही," काकू म्हणाल्या. "नोकरीला लागले त्या पहिल्या महिन्यात एकदा वेळ आणि फलाट पुकारला होता मी, अंदाजाने. एक म्हातारा-म्हातारी माझं ऐकून दुसऱ्या टोकाच्या फलाटावर गेले आणि दिवसभर उन्हात बसून राहिले. गाडी तिथे येणारच नव्हती. कोणी सांगायला गेलं तर म्हातारी म्हणते, 'नाही हो, बाईंनी स्वतः सांगितलंय.' तेव्हापासून ठरलं नसेल ते मी बोलत नाही."

"मग ठरवा," मी म्हटलं.

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि भांडी आवरायला घेतली.

आवाज मोकळा व्हावा म्हणून पुढची शिकवणी मी गच्चीत, म्हणजे काकूंच्या घराच्या छोट्या गच्चीत घेतली. ही माझी चूक झाली, पण ती चूक कोणाच्याही लक्षात येण्यासारखी नव्हती. काकूंनी कठड्याला धरून, पुढे बघून, शांत भारदस्त आवाजात वाक्य म्हटलं, "काइंड अटेन्शन प्लीज. लेडी इज लीव्हिंग शॉर्टली." आणि एका श्वासानंतर पुन्हा तेच. इंग्रजी कोणाला नीट ऐकू आलं नाही. पण एवढ्या अधिकाराने कोणी काही जाहीर करतंय म्हणजे पाणी जाणार, असं सगळ्या इमारतीने धरलं. प्रत्येक मजल्यावर नळ सुटले. बादल्या, पिंपं, पातेली, एकाने तर म्हणे बुटांचं खोकं प्लास्टिक लावून भरलं. सगळ्यांनी एकदम भरल्यामुळे टाकी रिकामी झाली आणि पाणी खरोखरच गेलं. मी सेक्रेटरींना म्हटलंसुद्धा की आमचं भविष्य निदान खरं तरी ठरलं. त्यांना ते आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्यात सूचना लागली की लेखी परवानगीशिवाय कोणीही इमारतीच्या आवारात काहीही जाहीर करू नये. मी त्या क्षणी ठरवलं की परवानगी काढायची, कायद्याने काढायची, आणि सोसायटीचं ऑफिसच वर्गासाठी मागायचं. ते ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि कोणीतरी सोडून गेलेला पाळणा. पण दार लागतं.

सेक्रेटरींनी अर्ज वाचला. मग चष्मा बदलून पुन्हा वाचला.

"हा उपक्रम सांस्कृतिक की शैक्षणिक?"

"भविष्यकाळ आहे, काका."

"तसं सदर नाही आमच्याकडे. सांस्कृतिकला वेगळा ठराव लागतो, शैक्षणिकला वेगळा. आणि अर्ज इंग्रजीत पाहिजे."

"का?"

"इंग्रजी शिकवणार म्हणतेस ना?"

मी तिथल्या तिथे इंग्रजीत लिहून दिला. सेक्रेटरींनी खिशातून लाल पेन काढलं आणि माझा 'विल' खोडून 'शॅल' केला. मला तो अपमान अजून आठवतो. 'शॅल' आता कोणी म्हणत नाही, मी हे त्यांना आदराने समजावून सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या वेळी म्हणायचे. कमिटी बसली की बघू." कमिटी कधी बसणार, असं मी विचारलं. ते म्हणाले, "बसेल." बघा, मनात काही ठरलेलं नाही, तारीख नाही, नुसतं 'बसेल'. व्याकरणाच्या दृष्टीने माणूस अगदी बरोबर बोलत होता. मुलाखत होऊन गेली तरी कमिटी बसली नव्हती.

मग वर्ग भरला जिन्याच्या वळणावर. आणि जिना म्हटला की खालचे अण्णा आले.

अण्णा आमच्या खाली राहतात. कोर्टात कारकून होते. तिथल्या सगळ्या न्यायाधीशांना आपणच घडवलं असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे किंवा काकूंकडे जरा आवाज झाला की ते काठीने आपलं छत ठोकतात. त्यानेही भागलं नाही तर वर येऊन तक्रार करतात, आणि तक्रार झाली तरी बराच वेळ दारात उभे राहतात. वळणावर येऊन त्यांनी आधी आवाजाची तक्रार केली, मग पायरीवर बसले आणि म्हणाले, "व्हिसाचं मला विचारा. माझ्या पुतण्याला नाकारला होता."

नाकारल्यावर माणूस त्या विषयातला जाणकार होतो हे मला नवीन होतं.

"तो हसला," अण्णा म्हणाले. "खिडकीत जाऊन हसला. त्यांना वाटलं, हा फार खुशीत आहे, हा काही परत येत नाही. तेव्हा वहिनी, हसायचं नाही. आणि तारीख ठोकून सांगायची. अमुक तारखेला येणार म्हणजे येणार. घर आहे, पेन्शन आहे, बँकेत ठेव आहे, हे तीनदा सांगायचं."

"ठरलेली नसताना तारीख कशी सांगू?" काकू म्हणाल्या.

"सगळे सांगतात."

"सगळे गाड्या पुकारत नाहीत."

वरून नर्सताई ड्यूटीला उतरत होत्या. त्यांनीही थांबून सल्ला दिला. खिडकीत उभं राहिल्यावर पायाच्या बोटांवर तोल ठेवायचा म्हणजे चक्कर येत नाही. मेडिकलवाल्याने याच कामासाठी चघळायच्या गोळ्या पाठवल्या. फोटोवाल्याने काकूंचा फोटो दोनदा काढला आणि तो दोनदा परत आला, कारण नियमाप्रमाणे कान दिसत नव्हते. "नोकरीभर हेडफोनखाली होते बिचारे," काकू म्हणाल्या, "आता एकदम बाहेर कसे येतील." तिसऱ्या फोटोत कान दिसले, पण काकू ओळखू येईनात. तो फोटो पास झाला.

रंगीत तालीम मात्र अण्णांनी बिघडवली. मी त्यांना फक्त अधिकारी व्हा म्हटलं होतं. त्यांनी घरून खुर्ची आणली, कोट घातला, आणि काकूंना पायरीवर उभं करून थेट मराठीत उलटतपासणी सुरू केली.

"आपला मुलगा तिकडे. सून तिकडे. नातवंड तिकडे होणार. मग आपण परत येणार याला पुरावा काय?"

"घर आहे," काकू म्हणाल्या.

"घराला कुलूप लागतं. पुढे बोला."

"पेन्शन आहे."

"ती तिकडेही मिळते. इथे आपलं कोण आहे?"

काकू काहीच बोलल्या नाहीत. मी खालच्या पायरीवर उभी होते. मी म्हणणार होते की प्रश्न इंग्रजीत विचारा, पण तेही राहिलं.

"अर्ज नामंजूर," अण्णा म्हणाले.

"अहो अण्णा, तुमच्या खिशातलं काय जातंय," नर्सताई जिन्यातून ओरडल्या. "द्या ना त्यांना व्हिसा."

"कागदपत्रं अपुरी आहेत," अण्णा म्हणाले. काकूंनी त्या दिवशी कोणालाच चहा विचारला नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा आपण होऊन वर आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, मी पुनर्विचार केला. मंजूर." काकूंनी चहा टाकला, पण साखर विचारली नाही.

मुलाखतीच्या दिवशी मी शाळा बुडवून बरोबर गेले. आईने चिठ्ठी दिली होती. चिठ्ठीत कारण 'घरगुती' होतं, ते वाचून मला जरा मोठं झाल्यासारखं वाटलं. व्हिसाच्या कचेरीत सोबतच्या माणसाला आत घेत नाहीत, मग ती शिक्षिका का असेना. पहारेकऱ्याला मी म्हटलं, मी त्यांची इंग्रजीची टीचर आहे. तो म्हणाला, "टीचरनी समोर बाकावर बसा." बाक फुटपाथवर होता आणि त्यावर आधीच बरीच माणसं बसली होती. कोणाचे आईवडील आत होते, कोणाचा नवरा. प्रत्येक जण दाराकडे बघत होता. मी जागा करून बसले आणि मनातल्या मनात तिन्ही तऱ्हा म्हणायला लागले.

पुढे काय झालं ते कळायला एक गोष्ट सांगायला हवी. आत खिडक्यांना जाड काच असते. आवाज पोचत नाही म्हणून अधिकाऱ्यासमोर एक माइक असतो आणि अर्जदारासमोर दुसरा. बाकीची माणसं त्या माइकला बिचकतात. काकूंनी माइक बघितला, आणि त्यांना वाटलं आपण घरी आलो. हे त्यांनी मला मागाहून सांगितलं. भीती गेली, घसा मोकळा झाला, पाठ ताठ झाली. आता काकूंचा आवाज, त्यात माइक, आणि त्या माइकचा आवाज कोणीतरी आधीच वाढवून ठेवलेला. दार उघडंच होतं. मला बाकावर बसून शब्द न् शब्द ऐकू आला.

"काइंड अटेन्शन प्लीज. लेडी इज गोइंग टू मीट हर सन. लेडी इज गोइंग टू मीट हर सन."

बाकावरची माणसं उठून उभी राहिली. एका आजोबांनी सामान उचललं.

अधिकाऱ्याचे प्रश्न बाहेर येत नव्हते, उत्तरं तेवढी येत होती. मध्ये बराच वेळ शांतता. मग, "लेडी विल रिटर्न. टाइम विल बी अनाउन्स्ड लेटर." मी डोळे मिटले. आतून कोणीतरी हसल्याचा आवाज आला, मग आणखी कोणीतरी. हसण्याबद्दल अण्णांनी काय सांगितलं होतं ते मला आठवलं, पण अधिकाऱ्याने हसायचं की नाही याबद्दल ते काहीच बोलले नव्हते.

पुन्हा शांतता. प्रश्न कोणता असेल हे मला कळलं, कारण जिन्यात त्याच प्रश्नावर काकू अडल्या होत्या. मी मनात म्हटलं, घर, पेन्शन, ठेव. घर, पेन्शन, ठेव.

"वन गर्ल," काकूंचा आवाज आला. "ऑपोझिट डोअर. शी इज अलोन ऑल आफ्टरनून."

एक श्वास गेला.

"वन गर्ल. ऑपोझिट डोअर. शी इज अलोन ऑल आफ्टरनून."

शेजारच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी चपलेचा बंद नीट करायला वाकले. माझ्या चपलेला बंद नव्हता.

काकू बाहेर आल्या तेव्हा हातात पासपोर्ट नव्हता. म्हणजे काम झालं होतं, कारण नाकारला की पासपोर्ट तिथल्या तिथे परत देतात. बाकावरच्या माणसांनी त्यांचं अभिनंदन केलं. मी केलं नाही. आम्ही बसमध्ये बसलो, खिडकीची जागा त्यांनी मला दिली.

"काकू," मी बाहेर बघत म्हटलं, "मी एकटी नसते. मी अभ्यास करते."

"हो."

"तुम्ही एकट्या असता. म्हणून मी येते. आईने सांगितलंय मला."

"हो का," काकू म्हणाल्या. "मला म्हणाली होती, पोरीला घरात एकटीला जेवण जात नाही, तुमच्याकडे बसवाल का. मला काही भूक नसते गं दुपारची. तू येतेस म्हणून मी करते."

मी याचा पुष्कळ विचार केला. म्हणजे इतके दिवस आम्ही दोघी एकमेकींवर उपकार करत जेवत होतो, आणि त्यातला एक भात तरी कमी करता आला असता. आईला मी याबद्दल संध्याकाळी जाब विचारला. ती बूट काढत म्हणाली, "दोघी जेवत होतात ना? मग." आणि तिथेच भिंतीला टेकून जरा वेळ बसली. तिलाही दिवसभरात कोणी बोलायला नसावं. रक्ताच्या बाटल्या काय बोलणार.

काकू निघाल्या त्या दिवशी इमारत खाली उतरली होती. सेक्रेटरींनी टॅक्सी आत आणायला तोंडी परवानगी दिली. अण्णांनी बॅगेला हात लावला आणि लगेच पाठ धरून बाजूला झाले. मला वाटलं होतं काकू जाताना काहीतरी जाहीर करतील. त्यांनी माझी वेणी पुढे घेतली, मागे टाकली, आणि हळू आवाजात, एकदाच म्हणाल्या, "जेवत जा." एखादी महत्त्वाची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितलेली मी पहिल्यांदा ऐकली.

त्या तिकडून फोन करतात. नात झाली, तिचं रडणं त्यांनी मला फोनवर ऐकवलं, दोनदा. तिकडे फार शांत आहे म्हणाल्या. मुलगा आणि सून कामाला जातात, आणि घरातल्या यंत्रांना बोलता येतं. येणार कधी, हे मी विचारत नाही. ठरलं असतं तर त्यांनी सांगितल्याशिवाय फोन ठेवला नसता. त्या फोन ठेवतात.

दुपारी मी माझं ताट माझ्या टेबलावर घेते. पहिले काही दिवस मी ताट घेऊन फ्रिजसमोर बसत होते, कारण निदान तो मधूनच घरघरतो. मग मी ठरवलं की हे काही खरं नाही. विद्यार्थिनी गेली म्हणून शिक्षिकेने शिकवायचं थांबवायचं नसतं. मी समोर एक खुर्ची ठेवली, आमच्या कपाटाच्या दारावर तिन्ही तऱ्हा लिहिल्या आणि खड्या आवाजात धडा सुरू केला. प्रश्न मी विचारायचे, उत्तरही मीच द्यायचे. उत्तर चुकलं तर समजावून सांगायचे, बरोबर आलं तर शाबासकी द्यायचे. वर्गाची प्रगती चांगली होती. खुर्चीचं मात्र 'गोइंग टू' अजून कच्चं होतं.

काल असाच वर्ग चालला असताना खालून छत ठोकल्याचा आवाज आला. मी आवाज कमी केला नाही. थोड्या वेळाने जिन्यात काठी वाजली आणि दारावर थाप पडली.

अण्णा उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. ताट, कपाटाचं दार, रिकामी खुर्ची.

"वर्ग बंद झाला नाही का?" ते म्हणाले.

"चालू आहे."

"कोण आहे विद्यार्थी?"

मी खुर्चीकडे बघितलं. आवाजाची तक्रार ते आता करतील म्हणून मी वाट बघत होते. अण्णांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग पहिल्या हातात घेतली.

"मला ते भविष्याचं नको," ते म्हणाले. "मला काय करायचंय त्याचं. भूतकाळ घेतेस का?"

"घेते," मी म्हटलं. "पण तो जड जातो हं अण्णा. त्यात नियम थोडे आणि अपवादच जास्त."

"माहीत आहे," अण्णा म्हणाले, आणि आत येऊन खुर्चीवर बसले.